आत ओढलेला सूर

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर मला सगळ्यात जास्त भीती झोपेची वाटायची. जागी असताना मी श्वासावर लक्ष ठेवू शकत होते. झोप लागली की त्याच्याकडे बघणारं कोणी नाही, असं वाटायचं, म्हणून मी पाठीशी उशा रचून बसल्या बसल्याच डोळे मिटायची.

दिवाळीनंतर साधा ताप आला होता. तो मी अंगावर काढला आणि बघता बघता न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत पसरला. नंदुरबारच्या एका खासगी दवाखान्यात, अतिदक्षता विभागात, तोंडावर घट्ट बांधलेल्या मास्कखाली मी पडून होते. तो मास्क त्याच्या लयीने हवा आत ढकलायचा. मी श्वास सोडायला जायची आणि तो नेमका तेव्हाच आत ढकलायचा. तिथून मी बरी होऊन आले खरी, पण श्वास आपोआप चालतो यावरचा माझा भरवसा उडाला तो उडालाच.

शहाद्याजवळच्या कळसाडी गावात आमचं घर. नवरा केळी आणि ऊस करतो, मी शहाद्याच्या एका शाळेत मराठी शिकवते. शाळेतून लांबलचक रजा घेतली होती. मुलगी नाशिकला शिकायला, ती येऊन राहून परत गेली होती. नवरा सकाळी शेतात गेला की घरात मी एकटी. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजनचा आकडा बघत बसायचं, हाच माझा उद्योग. डॉक्टरांनी व्यायामासाठी तीन गोळ्यांचं प्लॅस्टिकचं यंत्र दिलं होतं. नळी तोंडात धरून हवा ओढायची आणि गोळ्या वर चढवायच्या. पहिली चढायची, दुसरी जागच्या जागी थरथरायची, तिसरी हलायचीसुद्धा नाही. त्या न हलणाऱ्या गोळीची मला इतकी धास्ती बसली की एक दिवस मी ते यंत्र कपाटात साड्यांच्या मागे सरकवून टाकलं.

अशात अक्कलकुव्याहून मामा मला बघायला आले. माझ्या आईचे धाकटे भाऊ. आई जाऊन बरीच वर्षं झाली, मामीही गेल्या. मामांचं कापडाचं दुकान आता त्यांचा मुलगा बघतो. तरुणपणी ते लग्नाच्या ऑर्केस्ट्रात माउथऑर्गन वाजवायचे. आम्हा भाचरांना ते आठवत होतं, पण मी त्यांना वाजवताना ऐकून जमाना झाला होता.

मामांशी बोलताना मी दर वाक्याच्या मध्ये थांबत होते. त्यांनी ते पाहिलं. चहा झाल्यावर सदऱ्याच्या खिशातून रुमालात गुंडाळलेला छोटा माउथऑर्गन काढला. दहा छिद्रांचा, पत्रा घासून घासून फिका पडलेला. मामा त्याला बाजाच म्हणतात. आमच्या घरात सगळे अहिराणी बोलतात. माझं मराठी शाळेपुरतं.

"हाऊ बाजा फुका तरी वाजस आन श्वास लिधा तरी वाजस," मामा म्हणाले. "तुले फुकानं नही. नुसता श्वास लेवाना आन सोडाना."

मी घेतला. तोंडाला लावून जोरात फुंकला, मग जोरात ओढला, पुन्हा फुंकला, पुन्हा ओढला. काहीतरी भसाभसा वाजलं आणि एकदम डोकं गरगरलं. बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच सुरू झालं. मी मामांचं मनगट इतकं घट्ट धरलं की नंतर त्यावर माझ्या बोटांचे वळ दिसत होते.

"थांब. काही करू नको," ते म्हणाले. "मी आठेच शे."

गरगर थांबेपर्यंत ते खरंच तिथेच बसून राहिले. मग त्यांनी समजावलं की हवा फार घेतली आणि फार घाईने घेतली, म्हणून चक्कर आली. शिकायला सुरुवात केली की सगळ्यांना येते. स्वतः मामा पहिल्यांदा वाजवताना दुकानातल्या कापडाच्या गठ्ठ्यांवर आडवे झाले होते, आणि त्या वयात त्यांच्या छातीला काही झालेलं नव्हतं. धडधाकट माणसालाही असं होतं, हे ऐकून मला थोडा धीर आला. थोडाच.

भाचीकडे मुक्काम करायला आमच्याकडची जुनी माणसं बिचकतात. मामा रोज संध्याकाळी म्हणायचे की उद्या निघतो, आणि सकाळी अंघोळ करून ओसरीवर येऊन बसायचे. असा आमचा क्लास सुरू झाला.

बाजा डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात धरायचा. छिद्रांवरचे आकडे वरच्या बाजूला, खर्जाचे सूर डावीकडे. पाठ सरळ, खांदे खाली, मान ताठ नको. श्वास छातीने नाही, पोटाने. मामा मला एक हात पोटावर ठेवायला लावायचे आणि खांदा जरा उचलला गेला की बोट दाखवायचे. हवा कशी सोडायची ते त्यांनी चष्मा काढून दाखवलं. काच पुसण्याआधी तिच्यावर आपण वाफ सोडतो तशी, कोमट, सावकाश. आत घेतानाही तशीच घ्यायची. आधी तीन छिद्रं एकदम, मग शीळ घालताना करतो तसे ओठ करून एकच.

सांगायला सोपं आहे. मला भीती होती ती आत घ्यायच्या सुराची. बाहेर सोडताना फार तर हवा संपेल. आत घेताना मात्र छाती भरत यायची, फासळ्या ताणायच्या, आणि शेवटी एक क्षण असा यायचा की आता आणखी घेतली तर काहीतरी फाटेल. तो मास्क मला पुन्हा तोंडावर जाणवायचा. त्या क्षणाच्या आधीच मी बाजा खाली ठेवायची.

मामा म्हणायचे, "तू सूर मधमाच सोडी देस." रागावत नसत. पुन्हा घे म्हणत.

हळूहळू चौथं छिद्र वाजू लागलं, पाचवं वाजलं. दुसरं मात्र बाहेर फुंकलं की वाजायचं आणि आत ओढलं की नुसतं फस्स व्हायचं. मी बाजा झटकला, पुसला, पुन्हा ओढला. फस्स. मामांनी माझ्या हातातून घेऊन तेच छिद्र ओढलं आणि ओसरीभर एक जाड, खोल सूर पसरला. म्हणजे बाजा ठीक होता.

मग बिघडलं होतं काय? मी मनातल्या मनात उत्तर काढलं. दवाखान्यातल्या एक्स-रेवर डॉक्टरांनी उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात पांढरा डाग दाखवला होता. दुसऱ्या छिद्राचा सूर खर्जाचा. खालचा सूर फुप्फुसाच्या खालच्या भागातून येत असणार, आणि माझा तो भाग मेलेला आहे. आज हे लिहिताना खुळेपणा वाटतो, पण तेव्हा मला ते दोन अधिक दोन चार इतकं स्पष्ट दिसत होतं. मी कोणालाच बोलले नाही. बोललं की ते खरं होईल, असं वाटत होतं.

मामा सांगत होते की या छिद्रावर सगळेच अडतात. आतली खर्जाची पितळी पट्टी लांब असते, तिला सावकाश हवा लागते, जोर केला की ती गुदमरते. गुदमरते हा शब्द त्यांनी वापरला आणि मी पुढचं ऐकलंच नाही. ताकद लावू नको, असं ते रोज म्हणत, आणि मी ते समोर नसले की जिवाच्या आकांताने ताकद लावत असे. बाजा ओठांवर दाबून धरायचा आणि ओढायचं. ओढायचं म्हणजे जवळजवळ चोखायचं.

एका दुपारी मामा गावात दाढी करायला गेले होते. घरात मी एकटी. हिवाळा, हवा कोरडी ठक्क. मी दोन नंबरवर तोंड लावून ओढत होते. फस्स, फस्स. मग जिभेला खारट चव लागली. रुमाल तोंडाला लावला आणि बघितला. लाल.

मी पलंगापर्यंतही गेले नाही, तिथेच भिंतीला टेकून फरशीवर बसले. फुप्फुस फाटलं. आपणच आपल्या हाताने फाडलं. नवऱ्याला फोन लावला, तर बोलायलासुद्धा भीती, कारण बोलायला हवा लागते. मी एवढंच म्हणाले, "रक्त."

ते केळीच्या बागेतून आले तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले होते. रुमाल बघितला आणि काही न विचारता चुलत दिराची गाडी आणायला धावले. गाडी दारात उभी राहिली तेवढ्यात मामा आले. गळ्याला न्हाव्याकडची पावडर तशीच. काय झालं ते कळल्यावर त्यांनी फरशीवर पडलेला बाजा खिशात टाकला आणि ते मागच्या सीटवर बसले.

शहादा गेलं, प्रकाशा गेलं, तापीचा पूल आला. मी तोंडात आलेलं गिळत नव्हते आणि थुंकतही नव्हते. रुमाल मुठीत आवळून धरला होता, कारण उघडला तर किती लाल झालाय ते दिसेल. पुलावरून खाली पाणी दिसलं आणि मनात आलं, परत येताना हे पाणी आपल्याला दिसेल का?

दवाखान्यात डॉक्टरांनी छाती तपासली, पाठ तपासली, एक्स-रे काढायला पाठवलं. तो येईपर्यंत त्यांनी मला तोंड उघडायला सांगितलं आणि बॅटरीचा उजेड टाकला. मग अंगठ्याने माझा खालचा ओठ बाहेर उलटवला.

"इथे कापलंय," ते म्हणाले. "रक्त इथलं आहे. कशाने लागलं?"

मी बोलायच्या आत मामांनी खिशातून बाजा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो फिरवून फिरवून पाहिला, पत्र्याच्या कडेवरून बोट फिरवलं. एक्स-रे आला. डाग जवळपास गेला होता, फिकट सावलीसारखं काहीतरी राहिलं होतं. ते म्हणाले, वाजवायला हरकत नाही, उलट बरंच आहे, फक्त कुस्ती खेळू नका त्याच्याशी.

अशा वेळी माणसाला आनंद व्हायला हवा. मला झाला नाही. डॉक्टर फिल्म उजेडासमोर धरून दाखवत होते आणि मी त्यांनी न दाखवलेल्या जागी पांढरं शोधत होते.

बाहेर गाडीजवळ नवरा मामांना म्हणाला, "मामा, आते हाई बंद करा." आवाज चढवला नाही. मामांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एसटीने अक्कलकुव्याला निघून गेले. बाजा सोबत घेऊन गेले.

ओठ बरा झाला. मी पुन्हा चिमटा आणि आकडा यांच्याकडे परतले. पण एक गोष्ट लक्षात आली. मामा होते तेव्हा दिवसातला काही वेळ तरी मी श्वासाकडे सूर म्हणून बघत होते, वाजला की नाही, लांबला की नाही. आता पुन्हा तो नुसता श्वास झाला होता, कधीही बंद पडेल असा. मी नवऱ्याला सांगितलं की मला मामांकडे जायचं आहे. ते म्हणाले, गाडीने नेतो. मी म्हटलं, बसने जाते, एकटी. मग त्यांनी मला शहाद्याच्या स्टँडवर आणून सोडलं आणि बस हलेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले.

बस भरलेली होती. माझ्या शेजारची खिडकी गंजून अडकलेली, उघडेना. तळोद्याच्या अलीकडे उभ्या माणसांची दाटी झाली आणि मला घाम फुटला. हवा संपतेय असं वाटू लागलं. कंडक्टरला ओरडून सांगावं, मला इथेच उतरवा, असं ओठांवर आलं. मी खांदे खाली सोडले, हात पोटावर ठेवला आणि चष्म्याच्या काचेवर सोडतो तशी कोमट हवा सोडली. सावकाश घेतली, सावकाश सोडली. भीती गेली नाही. पण ती वाढत होती, ती वाढायची थांबली. शेजारी डोंगरातल्या गावची एक बाई बसली होती. तिने मला तिच्या भाषेत काहीतरी विचारलं. मला ते समजलं नाही. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मांडीवरचं गाठोडं उचलून पायाशी घेतलं आणि दाराकडून येणारी वाऱ्याची झुळूक माझ्यापर्यंत पोचेल अशी मागे सरकून बसली.

अक्कलकुव्याला मामांचं घर दुकानाच्या मागे, हायवेपासून फार लांब नाही. ट्रकांचा आवाज दिवसभर चालू. मला दारात बघून मामा घाबरलेच.

"तुले एकलीले कोनी धाडं?"

मी सांगितलं की शिकायला आले आहे. ते नाही म्हणाले. पाणी दिलं, जेवायला घातलं, पण बाजाचं नाव काढलं की दुसरंच बोलायचे. शेवटी मी तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी सांगितलं. त्या दिवशी गाडीत मागे बसल्या बसल्या त्यांना माझी आई दिसत होती. लहानपणी तिने त्यांना कडेवर वागवलं होतं.

"मन्हामुये तुले काही व्हयी जातं तं तुन्ही मायले मी काय सांगतू?"

मग मी माझीही गोष्ट सांगून टाकली, जी कोणालाच सांगितली नव्हती. दोन नंबरचा सूर, फुप्फुसाचा खालचा भाग, पांढरा डाग. मामा ऐकत होते आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. ते उठले, आत गेले, बाजा घेऊन आले. म्हणाले, सूर गळ्यात अडतोय, छातीत नाही. घाबरलेल्या माणसाचा गळा आवळलेला असतो, त्यातून हवा बारीक धारेने येते आणि खर्जाची पट्टी हलत नाही. एवढंच आहे ते.

त्यांनी मला ओठ पाण्याने ओले करायला लावले. बाजा ओठांवर दाबायचा नाही, ओठ त्याच्यावर नुसते टेकवायचे. मग म्हणाले, "जांभई दे."

मागून जांभई येत नाही. मी नाटकी दिली, दोनदा, तिसऱ्यांदा खरीच आली. गळ्यात मागे काहीतरी उघडल्यासारखं झालं. माझा गळा तसाच उघडा असताना मामांनी बाजा माझ्या तोंडाशी आणला आणि फक्त श्वास घ्यायला सांगितलं.

सूर वाजला. खोल, जाड, थरथरणारा. तो माझ्या दातांत, गालांच्या हाडांत ऐकू आला आणि मी इतकी दचकले की बाजा खाली पडता पडता राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा मी त्या शेवटच्या क्षणापर्यंत गेले, जिथे फासळ्या ताणतात, आणि तिथे थोडी थांबले. काही फाटलं नाही. दुकानातून मामेभाऊ डोकावून बघून गेला. मामा हायवेच्या दिशेला तोंड करून बसले होते आणि नाक पुसत होते.

परतताना मामांनी बाजा माझ्या पर्समध्ये टाकला. स्वतःसाठी त्यांच्याकडे दुसरा होता. शहाद्याच्या स्टँडवर नवरा मोटारसायकल घेऊन उभा होता. मी मागे बसायच्या आधीच सांगून टाकलं की उद्यापासून मी घरात वाजवणार आहे. त्यांनी गाडी चालू केली आणि पुन्हा बंद केली.

"वाजाड," ते म्हणाले. "पन मी शेतमा गयावर."

ते शेतात गेल्यावरच का, असं मी विचारलं. मला वाटलं होतं, त्यांना मामांचा राग आहे, किंवा आवाजाचा त्रास होतो. ते समोरच्या बसकडे बघत सांगू लागले. मी अतिदक्षता विभागात असताना ते काचेबाहेर बाकावर बसून असत. काचेवर पडदा, आतलं काही दिसायचं नाही, नुसता यंत्राचा आवाज यायचा. तो आवाज मध्येच थांबला की ते उभे राहायचे आणि पुन्हा सुरू झाला की बसायचे. ओसरीवर मी बाजा वाजवायला लागल्यापासून त्यांचं तेच सुरू झालं होतं. शेतात निघायच्या आधी मागच्या खोलीत बसून ते पुढच्या सुराची वाट बघायचे.

"तू मधमा थांबस ना, तव्हय मन्हाबी श्वास थांबस."

इतके महिने मी ही भीती माझ्या एकटीची समजत होते. एकाच घरात आम्ही दोघं वेगवेगळ्या खोल्यांत बसून घाबरत होतो. स्टँडवर गर्दी होती, बोलण्यासारखी जागा नव्हती. मी मागे बसले आणि घरापर्यंत त्यांच्या खांद्यावरचा हात काढला नाही.

आता मी शाळेत पुन्हा रुजू झाले आहे. सकाळी तयार व्हायच्या आधी ओसरीवर बसून वाजवते. सप्तक नीट येतं, एक गाणं अर्धंमुर्धं येतं. मामा फोनवरून ऐकतात आणि म्हणतात, नाकातून हवा सुटतेय. हल्ली ते मला आत ओढलेला सूर जिभेने खाली वाकवायला शिकवत आहेत आणि मला त्याचीही भीती वाटते, कारण त्यात सूर क्षणभर दाबल्यासारखा होतो. थंडी पडू लागली की मी अजूनही स्वतःच्या खोकल्याकडे कान देऊन असते. ते कधी जाईल असं वाटत नाही.

नवरा आता शेतात जायच्या आधी तिथेच पायरीवर चहा पितो. मधे दम घ्यायला थांबले की मी फरशीवर पाय आपटत राहते, हळू, पण त्यांना ऐकू येईल असा, ठेका धरल्यासारखा, पुढचा सूर लावेपर्यंत. ते माझ्याकडे बघत नाहीत. चहा पीत राहतात.